निरगाठ मारण्यापूर्वी

तिरळ्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेत एक पेच आहे, आणि तो केवळ सर्जनच्या हाताच्या सफाईने सुटत नाही. डोळे सरळ आहेत की नाहीत हे ठरते माणूस जागा असताना, दोन्ही डोळ्यांनी समोरच्या वस्तूकडे पाहत असताना. शस्त्रक्रिया मात्र होते तो भुलीखाली असताना. त्या वेळी डोळ्यांच्या स्नायूंचा नेहमीचा ताण गेलेला असतो, मेंदूकडून येणारे हुकूम पोहोचत नसतात, आणि टेबलावर सरळ दिसणारा डोळा जाग आल्यावर तसाच राहील याची हमी नसते. म्हणून सर्जन आधी घेतलेल्या मापांवर आणि कोष्टकांवर विसंबतो, स्नायू ठरावीक मिलिमीटर मागे नेऊन शिवतो, निरगाठ मारतो आणि पट्टी बांधतो. निकाल कळतो पट्टी सुटल्यावर. तोवर गाठ पक्की झालेली असते. जुळवणीच्या टाक्याची, म्हणजे डॉक्टर मंडळी ज्याला ॲडजस्टेबल सुचर म्हणतात त्याची, कल्पना या पेचातून निघाली. स्नायू शिवायचा, पण शेवटची गाठ सुटती ठेवायची. रुग्ण जागा झाला की त्याचे डोळे मोजायचे, लागेल तर टाका थोडा सैल किंवा घट्ट करायचा, आणि मगच निरगाठ मारायची. या पुस्तिकेचा विषय हा टाका आहे. ती लिहिली आहे शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतील डॉक्टर, नेत्रचिकित्सा अधिकारी, आरोग्यसेविका, आशा, शिक्षक आणि तिरळेपणा असलेल्यांच्या घरच्यांसाठी. प्रस्तावनेत मला एकच म्हणणे मांडायचे आहे. रुग्ण दूरचा आहे, त्याला पुन्हा पुन्हा येणे जमत नाही, असे कारण देऊन ही पद्धत बाजूला ठेवली जाते. रुग्णाची निवड नीट केली, तर तेच कारण या पद्धतीच्या बाजूने उभे राहते.

आधी शरीररचना. डोळ्याचा गोळा मोठ्या माणसात सुमारे २४ मिलिमीटर व्यासाचा असतो. त्याला फिरवणारे सहा स्नायू असतात, चार सरळ आणि दोन तिरकस. नाकाकडचा सरळ स्नायू बुबुळाच्या कडेपासून सुमारे साडेपाच मिलिमीटरवर चिकटलेला असतो, कानाकडचा सुमारे सात मिलिमीटरवर. डोळा आत वळला असेल तर नाकाकडचा स्नायू जागेवरून सोडवून मागे शिवतात, म्हणजे त्याची ओढ कमी होते. समोरचा स्नायू आखूड केला तर त्याची ओढ वाढते. तिरळेपणाचे माप प्रिझममध्ये घेतात. एक मीटर अंतरावर प्रतिमा एक सेंटिमीटर सरकवणारी काच म्हणजे एक प्रिझम डायॉप्टर. आत वळलेल्या डोळ्यांसाठीच्या प्रचलित कोष्टकानुसार १५ प्रिझमच्या तिरळेपणाला दोन्ही डोळ्यांचे नाकाकडचे स्नायू प्रत्येकी ३ मिलिमीटर मागे न्यावे लागतात आणि ५० प्रिझमला प्रत्येकी ६ मिलिमीटर. म्हणजे अवघ्या तीन मिलिमीटरांच्या फरकात ३५ प्रिझमचा पल्ला सामावलेला आहे. अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी निकाल बदलतो. आणि ज्या पांढऱ्या आवरणात टाका घालायचा, ते या स्नायूंच्या चिकटण्याच्या जागेमागे जेमतेम ०.३ मिलिमीटर जाड असते. इतक्या बारीक मापाचे काम कोष्टकाच्या भरवशावर करायचे, आणि कोष्टक तर सरासरीवर बेतलेले. समोरच्या माणसाचा स्नायू किती लवचीक आहे, तो पूर्वी शिवलेला आहे का, थायरॉइडच्या आजाराने कडक झाला आहे का, त्याची नस कितपत काम करते, याची नोंद कोष्टकात नसते. म्हणूनच एका शस्त्रक्रियेत डोळे समाधानकारक सरळ होण्याचे प्रमाण दहांत सहा ते आठ असे सांगितले जाते. उरलेल्यांना कमी दुरुस्ती किंवा जास्त दुरुस्ती वाट्याला येते, आणि त्यांतल्या काहींना पुन्हा टेबलावर जावे लागते.

या शस्त्रक्रियेचा इतिहास म्हणजे मापावर ताबा मिळवण्याची धडपड आहे. २६ ऑक्टोबर १८३९ रोजी बर्लिनमध्ये योहान फ्रीडरिश डीफेनबाख यांनी सात वर्षांच्या मुलाच्या आत वळलेल्या डोळ्याचा स्नायू कापला. ही आधुनिक तिरळेपणा-शस्त्रक्रियेची सुरुवात मानली जाते. बातमी युरोपभर पसरली आणि अनेकांनी हात चालवला. पण नुसता कापलेला स्नायू मागे कुठे जाऊन चिकटेल हे कोणाच्याच हाती नव्हते. आत वळलेले अनेक डोळे पुढे बाहेर वळले आणि शस्त्रक्रियेची बदनामी झाली. पुढच्या पिढ्यांनी स्नायू कापून सोडून देण्याऐवजी मोजून शिवायला सुरुवात केली. कोष्टके तयार झाली. टाक्याचे धागे आणि सुया सुधारल्या. मापाचा अंदाज चांगला झाला, तरी तो अंदाजच होता. १९७०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोचे आर्थर जॅम्पोल्स्की यांनी जुळवणीच्या टाक्याला आजचे रूप देऊन त्याचा प्रसार केला. त्यांनी भर दिला तो विशेषतः पूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या, गुंतागुंतीच्या डोळ्यांवर. त्याच सुमारास आपोआप विरघळणारा पॉलिग्लॅक्टिन धागा सर्जनांच्या हाती आला आणि टाका सुटता ठेवणे अधिक सोयीचे झाले. हा क्रम ध्यानात घेतला म्हणजे जुळवणीचा टाका एखाद्या सर्जनची हौस वाटत नाही. आधी स्नायू कापणे, मग मोजून शिवणे, मग शिवल्यावर पुन्हा तपासणे, अशी ही सलग वाट आहे, आणि प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्यातल्या अपयशाने घडवला आहे.

प्रत्यक्षात काय होते ते सांगतो, कारण घरच्यांची भीती बहुधा न कळण्यातून येते. डोळ्यावरचा पातळ पापुद्रा उघडून स्नायू बारीक आकड्यावर घेतला जातो. दोन्ही टोकांना सुई असलेला ६-० जाडीचा धागा स्नायूच्या टोकाशी पक्का करतात आणि मग स्नायू डोळ्यापासून सोडवतात. दोन्ही सुया स्नायूच्या मूळ जागेवरील पांढऱ्या आवरणातून काढल्या जातात, आणि स्नायू त्या धाग्यावर ठरलेल्या अंतराने मागे लटकत ठेवला जातो. आता गाठ. एका पद्धतीत ओढताच सुटणारी सुरगाठ मारतात. दुसऱ्या पद्धतीत दोन्ही धाग्यांभोवती वेगळ्या धाग्याचा सरकता फास बसवतात. फास वर किंवा खाली सरकवला की स्नायू पुढे येतो किंवा मागे जातो. काही तासांनी, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी, भुलीचा अंमल पूर्ण उतरला की रुग्णाला बसवतात. नेहमीचा चष्मा लावायला सांगतात. सहा मीटरवरच्या अक्षराकडे आणि मग हातभर अंतरावरच्या वस्तूकडे पाहायला लावून, एकेक डोळा झाकत, प्रिझम धरून माप घेतात. एकाचे दोन दिसतात का, हे विचारतात. माप पटले तर गाठ पक्की करतात. नाही पटले तर बधिर करणारे थेंब घालून टाका सरकवतात, पुन्हा मोजतात, मग निरगाठ मारतात. बऱ्याच रुग्णांत टाका हलवावाच लागत नाही. लक्ष्यही प्रत्येक वेळी अगदी सरळ डोळा हे नसते. बाहेर वळणारा डोळा पुढच्या काही आठवड्यांत पुन्हा थोडा बाहेर सरकतो, म्हणून तो सुरुवातीला किंचित आत ठेवणे इष्ट असते. जुळवणी म्हणजे त्या दिवशीच्या डोळ्याकडे पाहून सहा महिन्यांनंतरच्या डोळ्याचा केलेला विचार आहे, आणि त्यासाठी अनुभव लागतोच.

आता शिरूर आणि दौंड. दोन्ही तालुक्यांच्या मधून भीमा वाहते. शिरूरचे गाव घोड नदीकाठी, पुणे–नगर रस्त्यावर. दौंडचे गाव भीमेकाठी, मुंबई–सोलापूर आणि मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गांच्या जंक्शनवर. रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहती, न्हावरे आणि पाटस परिसरातली साखर कारखानदारी, ऊसतोडीच्या हंगामात बाहेरच्या जिल्ह्यांतून येणाऱ्या टोळ्या, रेल्वेचे कामगार, राज्य राखीव पोलीस दलाची दौंडची ठाणी: इथली माणसे अंगमेहनतीची आणि पाळीच्या कामाची आहेत. मोठ्या वयात तिरळेपणाच्या शस्त्रक्रियेची गरज घेऊन येणारे रुग्ण अशा वस्तीत कोण असतात? दुचाकीच्या अपघातात डोक्याला मार बसून मेंदूतून निघणारी चौथी किंवा सहावी नस दुखावलेला तरुण, ज्याला जिना उतरताना पायऱ्या दुहेरी दिसतात. मधुमेहाने डोळ्याची नस अधू झालेला पन्नाशीतला माणूस. त्याची नस बहुधा तीन ते सहा महिन्यांत सुधारते, म्हणून त्याला घाई न करता थांबायला सांगायचे असते, आणि माप स्थिर राहिल्यावरच शस्त्रक्रियेचा विचार करायचा असतो. थायरॉइडच्या आजाराने स्नायू कडक झालेली बाई. लहानपणी एकदा शस्त्रक्रिया होऊन वीस वर्षांनी डोळा उलट्या बाजूला गेलेली व्यक्ती. या चौघांचे स्नायू सरासरीतले नाहीत. कोष्टक जिथे हमखास चुकते, तिथलेच हे रुग्ण आहेत, आणि जुळवणीचा टाका मुळात अशांसाठी आहे.

अंतराचा मुद्दा इथे येतो. शिरूर काय, दौंड काय, पुण्यापासून साधारण सत्तर ते पंचाहत्तर किलोमीटर. दौंडकरांना पुणे स्टेशनपर्यंत रेल्वे आहे आणि ससून रुग्णालय स्टेशनाजवळच आहे. पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशनचे एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय हडपसरजवळ मोहम्मदवाडीला, म्हणजे शहराच्या दौंडकडच्या अंगाला आहे. शिरूरला रेल्वे नाही. एसटीने वाघोलीची कोंडी ओलांडून यावे लागते. या प्रवासाकडे बोट दाखवून सांगितले जाते की, दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासणी, पुन्हा टाका, हे शहरातल्या लोकांना ठीक. खेड्यातल्या माणसाची एकदाच काय ती शस्त्रक्रिया करून मोकळे व्हावे. पण हिशेब पूर्ण मांडून पाहा. साध्या टाक्याने डोळा चुकला तर रुग्णाला काय करावे लागते? सूज उतरून माप स्थिर होण्यासाठी निदान काही आठवडे, अनेकदा महिने, थांबायचे. दरम्यान तपासणीच्या खेपा. मग पुन्हा रक्ताच्या तपासण्या, पुन्हा भूल, पुन्हा सोबतीला घरचे एक माणूस, पुन्हा दोघांचा बुडालेला रोज. शिवाय दुसऱ्या वेळचा स्नायू पहिल्यासारखा राहिलेला नसतो. तो व्रणाने चिकटलेला असतो, त्याचा अंदाज आणखी अवघड असतो. याच्या उलट, जुळवणीच्या टाक्यासाठी लागते रुग्णालयातली एक जादा रात्र, किंवा सकाळी शस्त्रक्रिया करून संध्याकाळी जुळवणी. एक रात्र थांबणे हा खर्च निश्चित आहे आणि लहान आहे. दुसरी शस्त्रक्रिया हा खर्च अनिश्चित आहे पण मोठा आहे. शहरात राहणारा माणूस दुसऱ्या वेळी रिक्षाने येऊ शकतो. ज्याला पुन्हा येणे जड आहे, त्याच्या बाबतीत पहिल्याच मुक्कामात जास्तीत जास्त काम उरकून घेणे शहाणपणाचे. आणि ज्याची चूक होण्याची शक्यता जास्त, त्याच्या बाबतीत हा हिशेब अधिकच ठाम होतो.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप पुराव्याचा आहे, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. वैद्यकात आज यादृच्छिक चाचण्यांना मान आहे. २०१८ साली अद्ययावत झालेल्या कॉक्रेन आढाव्यात जुळवणीचा टाका आणि साधा टाका यांची तुलना करणारी, निकषांत बसणारी एकच चाचणी सापडली: इजिप्तमधली, १२ वर्षांखालील ६० मुलांची. तिच्यात जुळवणीच्या बाजूने थोडा कल दिसला, पण इतक्या कमी रुग्णांवरून खात्रीचे विधान करता येत नाही असेच आढाव्याने म्हटले. २०१५ साली अमेरिकेतील विमादाव्यांवरून झालेला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रौढांमध्ये आडव्या दिशेच्या स्नायूंवर जुळवणीचा टाका वापरला तेव्हा पहिल्या वर्षात पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची वेळ कमी वेळा आली. उभ्या दिशेच्या स्नायूंत मात्र तो फायदा दिसला नाही. आक्षेप घेणारे म्हणतील, एवढ्याशा आधारावर पद्धत कशाला पसरवायची? माझे उत्तर दोन भागांत आहे. पहिला भाग असा की, फायदा सिद्ध न होणे आणि फायदा नसल्याचे सिद्ध होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिरळेपणाचे प्रकार इतके, प्रत्येक सर्जनची सवय इतकी वेगळी, की सारख्या रुग्णांचे दोन मोठे गट जमवणेच कठीण जाते. आणि ज्या गुंतागुंतीच्या रुग्णांना फायदा होण्याचा संभव जास्त, तेच चाचण्यांतून वगळले जातात. दुसरा भाग अधिक महत्त्वाचा. हा पुरावा पद्धत सर्वांना लावा असे सांगत नाही, आणि मीही तसे म्हणत नाही. तो निवड करायला सांगतो. पहिल्यांदाच होणारी, साधी, मोजता येणारी, बालपणापासूनची वाकडी नजर अनुभवी सर्जन साध्या टाक्याने उत्तम सुधारतो. तिथे सुरगाठीची गरज नाही, हे मोकळेपणाने मान्य करावे.

निवडीचा अर्थ नीट कळावा म्हणून थायरॉइडचे उदाहरण घ्यावे लागते, कारण तिथे फायदा आणि धोका एकाच ठिकाणी भेटतात. थायरॉइडच्या नेत्रविकारात डोळ्याखालचा सरळ स्नायू अनेकदा आक्रसतो, डोळा खाली ओढला जातो, आणि एकाचे दोन, तेही वरखाली, दिसू लागतात. स्नायू इतका कडक असतो की कोष्टक निरुपयोगी ठरते. जुळवणी इथे स्वाभाविक वाटते. पण याच स्नायूत लटकता टाका ठेवला तर पुढच्या काही आठवड्यांत स्नायू अपेक्षेपेक्षा मागे घसरण्याचा धोका नोंदवला गेला आहे. दुसऱ्या दिवशी सरळ दिसलेला डोळा दोन महिन्यांनी वर गेलेला आढळतो. म्हणून काही सर्जनांनी मधला मार्ग काढला: स्नायूच्या दोन्ही कडा आवरणाला कायमच्या शिवायच्या आणि फक्त मधला भाग जुळवणीसाठी मोकळा ठेवायचा. विमादाव्यांच्या अभ्यासात उभ्या स्नायूंबाबत फायदा का दिसला नसेल, याचे एक संभाव्य कारण इथे असू शकते. यातून धडा असा की, जुळवणीचा टाका वापरणाऱ्याला तो कुठे वापरू नये हेही माहीत असले पाहिजे. पुस्तिकेतील रुग्णनिवडीचे प्रकरण म्हणूनच सर्वांत लांब आहे, आणि तालुक्यातल्या डॉक्टरांनी इतर काही वाचले नाही तरी ते वाचावे. पुण्याला पाठवताना चिठ्ठीत जुन्या शस्त्रक्रियेची नोंद, थायरॉइडच्या तपासण्या, मधुमेहाचा काळ, दुहेरी दिसणे कधीपासून आणि कोणत्या दिशेला, एवढे लिहिले, तरी सर्जनचा अर्धा निर्णय तिथेच होतो.

दुसरा आक्षेप दुखण्याचा. जाग्या माणसाच्या डोळ्यातला धागा ओढायचा ही कल्पनाच अंगावर काटा आणते. बधिर करणारे थेंब घातल्यावर बहुतेक प्रौढांना ओढ आणि दाब जाणवतो, पण तो सोसता येतो. तरीही काहींना मळमळते, घाम फुटतो. डोळ्याचा स्नायू ओढला की हृदयाचे ठोके मंदावतात, ही प्रतिक्षिप्त क्रिया १९०८ पासून वैद्यकाला ठाऊक आहे. ती शस्त्रक्रियेत दिसते तशी जुळवणीतही दिसू शकते. म्हणून जुळवणी खुर्चीत घाईघाईने उरकायची गोष्ट नाही. नाडी पाहणारे माणूस शेजारी हवे, पलंग जवळ हवा, औषध तयार हवे. फार घाबरणाऱ्या रुग्णाला ही पद्धत सुचवूच नये. मुलांचा प्रश्न वेगळा आहे. लहान मूल जागेपणी टाका सरकवू देणार नाही. त्यासाठी पुन्हा थोडी भूल द्यावी लागते, म्हणजे भूलतज्ज्ञ दोनदा हवा. ज्या केंद्रात ही सोय आहे तिथे मुलांतही जुळवणी करतात. जिथे नाही, तिथे मुलांत साधा टाकाच बरा. आणखी एक सुधारणा या आक्षेपाला बरेच उत्तर देते. बॉस्टनच्या डेव्हिड हंटर आणि सहकाऱ्यांनी २००९ साली मांडलेल्या पद्धतीत सरकत्या फासाची टोके आखूड ठेवून पापुद्र्याखाली झाकली जातात. डोळा सरळ असेल तर रुग्णाला हात लावायचाही नाही. नसेल तरच, तेही काही दिवसांपर्यंत, फास शोधून सरकवायचा. जुळवणी मग सक्तीची राहत नाही. ती हाताशी ठेवलेली एक संधी होते.

तिसरा आक्षेप बाहेरून येतो, कधी प्रशासनाकडून, कधी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून: तिरळेपणा म्हणजे दिसण्याचा प्रश्न, त्यावर इतका खटाटोप कशाला? काही घरांत तर तो भाग्याचे लक्षण मानला जातो. हा समज खोडून काढलाच पाहिजे. मोठ्या वयात अचानक आलेल्या तिरळेपणात माणसाला एकाचे दोन दिसतात. असा माणूस यंत्रावर, ट्रॅक्टरवर, रेल्वेच्या रुळांजवळ सुरक्षित नसतो. एक डोळा झाकून तो काम चालवतो, पण मग अंतराचा अंदाज जातो. जुन्या तिरळेपणात दुहेरी दिसत नाही, तरी दोन्ही डोळ्यांनी मिळून पाहण्याची शक्ती बहुधा हरवलेली असते. समाजातले नुकसान तर उघड आहे. शाळेतली चिडवाचिडवी, लग्नाच्या बोलण्यांत मुलीची नाकारली जाणारी छायाचित्रे, मुलाखतीत समोरच्याच्या नजरेला नजर न भिडवता येणे. दौंडसारख्या पोलीस दलाच्या गावात भरतीची तयारी करणारे तरुण पुष्कळ. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या भरतीच्या शारीरिक निकषांत तिरळेपणा नसावा अशी अट असते. शस्त्रक्रियेने पात्रता परत मिळतेच असे मी म्हणत नाही, तो त्या त्या वैद्यकीय मंडळाचा निर्णय आहे. पण ज्या व्यंगामुळे शिक्षण, लग्न आणि नोकरी या तिन्ही दारांशी माणूस अडतो, त्याला केवळ दिसण्याचा प्रश्न म्हणणे चुकीचे आहे. आणि दिसण्याचा प्रश्न असला, तरी सरळ चेहऱ्याने जगाकडे पाहण्याचा हक्क काय फक्त शहरातल्या पैसेवाल्यांचा?

एका गैरसमजाला मात्र ही पुस्तिका खतपाणी घालू इच्छित नाही. जुळवणीचा टाका लहानपणीच्या दुर्लक्षाची भरपाई करू शकत नाही. मुलाचा एक डोळा वाकडा असेल तर मेंदू त्या डोळ्याचे चित्र नाकारू लागतो आणि डोळा आळशी होतो. सात-आठ वर्षांच्या आत चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी हा उपचार झाला तर दृष्टी बरीच परत मिळते. पुढे ते अवघड होत जाते. जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांतच आत वळलेल्या डोळ्यांची शस्त्रक्रिया शक्यतो दोन वर्षांच्या आत व्हावी असे मानतात. कितीतरी मुलांचे डोळे नुसत्या योग्य चष्म्याने सरळ होतात, त्यांना शस्त्रक्रिया लागतच नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा पथक येते. मुलाच्या डोळ्यावर बॅटरीचा झोत टाकून दोन्ही बुबुळांवरचा प्रकाशबिंदू एकाच जागी आहे का, हे पाहायला अर्धा मिनिट पुरतो. अंगणवाडीसेविकेला आणि शिक्षकाला ही तपासणी शिकवणे हे या दोन तालुक्यांसाठी कुठल्याही टाक्यापेक्षा मोठे काम आहे. ऊसतोड कामगारांची मुले हंगामात शाळेबाहेर असतात, म्हणून पथकाने कारखान्याच्या तळावर जाणेही तितकेच गरजेचे. लवकर सापडलेले मूल पुढे जुळवणीच्या टाक्याची गरज असलेला प्रौढ होण्याची शक्यता कमी होते, आणि या पुस्तिकेचे खरे यश तेच असेल.

मग व्यवस्था काय हवी? भारताने १९७६ साली अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि त्याचा भर साहजिकच मोतीबिंदूवर राहिला. मोतीबिंदूने आपल्याला एक रीत घालून दिली: गावात तपासणी, गाडीने रुग्णालयात नेणे, शस्त्रक्रिया, मुक्काम, परत पोहोचवणे, ठरलेल्या दिवशी पुन्हा तपासणी. खेड्यातला माणूस डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात रात्र काढणार नाही, असे म्हणणाऱ्यांना या रितीने केव्हाच उत्तर दिले आहे. तीच रीत तिरळेपणाला लावता येईल. दौंडचे उपजिल्हा रुग्णालय आणि शिरूरचे ग्रामीण रुग्णालय यांनी माप, इतिहास आणि चाचण्या पूर्ण करून रुग्ण पाठवावा. पुण्यातल्या केंद्राने ठरावीक दिवशी अशा रुग्णांची शस्त्रक्रिया ठेवावी, त्याच किंवा दुसऱ्या दिवशी जुळवणी करावी, आणि नंतरच्या तपासण्या शक्य तितक्या तालुक्यातच व्हाव्यात. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या योजनांत रुग्णालयाला शस्त्रक्रियेनुसार ठरलेली रक्कम मिळते. ती रक्कम ठरवताना जुळवणीचा टप्पा आणि जादा मुक्काम यांचा विचार व्हावा, नाहीतर रुग्णालयाला ही पद्धत तोट्याची वाटेल आणि ती कागदावरच राहील. रुग्णानेही विचारायला शिकावे. माझा तिरळेपणा साध्या टाक्याचा आहे की जुळवणीच्या? पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता किती? तुमच्याकडे जुळवणीची सोय आहे का, आणि नसेल तर कुठे आहे? हे प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणे नव्हे. चांगल्या सर्जनला ते आवडतात.

पुढील प्रकरणांत तपासणी, रुग्णनिवड, दोन्ही प्रकारच्या गाठींची पद्धत, जुळवणीच्या दिवशीची तयारी, गुंतागुंती आणि घरी गेल्यावरची काळजी असा क्रम ठेवला आहे. डॉक्टरांनी तांत्रिक भाग बारकाईने वाचावा. बाकीच्यांनी तो ओलांडून तपासणी आणि काळजी यांची प्रकरणे वाचली तरी चालेल. वाचताना एक कसोटी हाताशी ठेवा. कोणतीही पद्धत स्वीकारताना आपण दोन गोष्टी विचारतो: तिने निकाल सुधारतो का, आणि ती आपल्याकडे जमेल का. जुळवणीच्या टाक्याबाबत पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे, निवडक रुग्णांत बहुधा होय, सर्वांत नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अंतरावर अवलंबून आहे असे आजवर मानले गेले. ते खरे तर एका रात्रीच्या मुक्कामावर, नीट लिहिलेल्या चिठ्ठीवर आणि जुळवणीच्या वेळी हजर असणाऱ्या माणसांवर अवलंबून आहे. या तिन्ही गोष्टी पुणे जिल्ह्याच्या आवाक्यातल्या आहेत. डोक्याला मार बसलेल्या न्हावऱ्याच्या तरुणाला किंवा थायरॉइडने त्रासलेल्या पाटसच्या बाईला अंदाजाने मारलेल्या निरगाठीवर समाधान मानायला लावणे ही परिस्थितीची अपरिहार्यता नाही. ती आपली निवड आहे, आणि निवड असल्यामुळे ती आपल्याला बदलता येते.